एलीयाहू : नावात सामावलेली साक्ष

हिब्रू बायबलमधील संदेष्ट्यांच्या नावांत ‘एलीयाहू’ हे नाव एका बाबतीत वेगळे ठरते, कारण त्या नावाचा अर्थ आणि ते धारण करणाऱ्या पुरुषाचे जीवितकार्य यांच्यात तसूभरही अंतर उरत नाही. या नावाचे तीन घटक आहेत. ‘एल’ म्हणजे देव, त्याला जोडलेला ‘ई’ हा ‘माझा’ या अर्थाचा प्रत्यय, आणि ‘याहू’ हे इस्राएलच्या देवाच्या नावाचे संक्षिप्त रूप. हिब्रूत वर्तमानकाळी ‘आहे’ हे क्रियापद सहसा वापरत नाहीत. संस्कृताप्रमाणेच दोन नामे शेजारी ठेवली की वाक्य पूर्ण होते. त्यामुळे ‘एलीयाहू’ हा एक शब्द दिसत असला तरी व्याकरणाच्या दृष्टीने ते संपूर्ण वाक्य आहे आणि त्याचा अर्थ ‘याहू माझा देव आहे’ असा होतो. ज्याला या नावाने हाक मारली जाई, त्याच्या नावातच एक साक्ष उच्चारली जात असे.

देवाचे नाव पोटात घेणारी अशी व्यक्तिनामे प्राचीन पश्चिम आशियात सर्वत्र आढळतात. मराठी वाचकाला ती परकी वाटू नयेत, मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. विठ्ठल, पांडुरंग, खंडेराव अशी देवाचीच नावे मुलाला ठेवण्याची महाराष्ट्रात रीत आहे. प्राचीन इस्राएलात देवाचे नाव जसेच्या तसे माणसाला दिले जात नसे, तर देवाविषयी काही सांगणारे वाक्य किंवा समास नाव म्हणून ठेवला जाई. ‘यहोनाथान’ म्हणजे ‘याहूने दिले’, आणि त्याची जात आपल्या देवदत्ताची. ‘ओवद्याहू’ म्हणजे ‘याहूचा सेवक’, आणि त्याची जात हरिदासाची. नावाच्या आरंभी हा घटक ‘यहो’ किंवा ‘यो’ असा येतो, शेवटी ‘याहू’ किंवा ‘या’ असा येतो.

इस्राएलच्या देवाचे पूर्ण नाव योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांनी लिहिले जाते. पुढे आदरापोटी ज्यू लोकांनी त्याचा उच्चार करणे सोडले, आणि ग्रंथ वाचताना ती चार अक्षरे आली की ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणण्याची रीत पडली. मूळ उच्चार अशा रीतीने मौनात गेला, तरी माणसांच्या नावांत त्याचा अर्धा भाग उघडपणे बोलला जात राहिला. हा भाग खरोखरच असा उच्चारला जाई याला बाहेरचाही आधार आहे. यहूदाचा राजा हिज्कीयाहू याचे नाव अश्शूरचा राजा सन्हेरीब याच्या कोरीव लेखांत ‘हजकियाउ’ असे येते, आणि १९३५ साली लाखीश येथील उत्खननात सापडलेल्या, खापरांवर शाईने लिहिलेल्या पत्रांत शेवटी ‘याहू’ असलेली नावे ओळीने भेटतात. जे नाव प्रार्थनेत उच्चारायचे नाही, ते शेजाऱ्याला हाक मारताना ओठांवर येत होते.

‘एल’ या पहिल्या घटकाचा इतिहास याहून जुना आहे. १९२९ पासून सिरियाच्या किनाऱ्यावरील रास शामरा येथे, म्हणजे प्राचीन उगारित नगरात, ज्या मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यांवरून कनानी लोकांच्या देवमंडळाचे चित्र प्रथमच त्यांच्याच शब्दांत वाचता आले. तेथे ‘एल’ हा देवांचा वृद्ध पिता आहे, आणि ‘बआल’ हा मेघ, वीज आणि पाऊस यांचा तरुण, पराक्रमी देव आहे. म्हणजे ‘एल’ हे सामान्यनामही होते आणि विशेषनामही. अशा भाषिक वातावरणात ‘याहू माझा एल आहे’ असे सांगणारे नाव काहीतरी निश्चित बाजू घेत होते. ‘योएल’ या दुसऱ्या संदेष्ट्याच्या नावात हेच दोन घटक उलट क्रमाने आलेले दिसतात.

खरा संघर्ष मात्र एल आणि याहू यांच्यात नव्हता. बायबलच्या भाषेत ‘एल’ हा शब्द याहूच्याच नावांत विरघळून गेला. संघर्ष होता तो ‘बआल’ या शब्दाशी, आणि तो शब्द समजावून घेण्यास मराठीइतकी सोयीची भाषा क्वचितच असेल. हिब्रूत ‘बआल’ म्हणजे मालक, स्वामी, आणि नवराही. आपला ‘धनी’ हा शब्द नेमके हेच अर्थ वाहतो. आरंभीच्या काळात याहूला ‘बआल’ म्हणण्यात कोणाला काही गैर वाटत नसावे. दावीदाच्या योद्ध्यांत ‘बआल्या’ नावाचा एक वीर आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘याहू हाच धनी’ असा होतो. शौल राजा बआलचा भक्त नव्हता, तरी त्याच्या एका मुलाचे नाव ‘एशबआल’ होते. पुढे बआल म्हणजे परका देव हा अर्थ पक्का झाल्यावर जुन्या नावांतील हा शब्द लेखकांना सलू लागला. शमुवेलाच्या पुस्तकात त्याच राजपुत्राचे नाव ‘ईश-बोशेथ’ असे झाले, आणि ‘बोशेथ’ म्हणजे लाज. दावीदाच्या एका मुलाचे नाव एका ग्रंथात ‘बएल्यादा’ आहे, तर दुसऱ्या ग्रंथात ‘एल्यादा’. एका अक्षरसमूहाच्या जागी दुसरा घालून केलेल्या या दुरुस्त्या म्हणजे एका समाजाने आपल्या भूतकाळाशी केलेला वादच आहे.

हा वाद ऐन भरात होता तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात. तेथे ओम्रीच्या घराण्यातील अहाब राज्य करीत होता आणि शोमरोन ही त्याची राजधानी होती. बायबलने त्याला दुष्ट राजांच्या पंक्तीत बसवले असले, तरी तो दुबळा नव्हता. इसवी सनापूर्वी ८५३ साली कर्कर येथे अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसराविरुद्ध जी राजांची आघाडी उभी राहिली, तीत इस्राएलच्या अहाबाने २,००० रथ आणि १०,००० पायदळ आणल्याची नोंद शत्रूच्याच शिलालेखात आहे. त्याने सीदोनच्या राजाची कन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि तिच्यासोबत बआलची उपासना राजाश्रयाला आली. असे असूनही अहाबाने आपल्या मुलांची नावे ‘अहज्याहू’, म्हणजे ‘याहूने हाती धरले’, आणि ‘यहोराम’, म्हणजे ‘याहू उच्च आहे’, अशी ठेवली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्या राजवाड्याचा कारभारीही ओवद्याहूच होता. राजाने याहूला सोडले नव्हते, त्याने याहूच्या शेजारी बआललाही बसवले होते.

प्रजेतही हेच चित्र होते. शोमरोन येथे १९१० साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील खापरांवर तेल आणि द्राक्षारस यांच्या आवक-नोंदी आहेत. त्या रुक्ष हिशेबी नोंदींत ‘गद्दीयाव’, ‘शमरयाव’ अशी याहूची नावे आहेत आणि ‘अबीबआल’सारखी बआलची नावेही आहेत. उत्तरेकडे ‘याहू’चा उच्चार ‘याव’ असा होई, तो येथे लिपिबद्ध झाला आहे. एकाच गोदामात, एकाच कारकुनाच्या हाताखाली दोन्ही देवांची नावे धारण करणारी माणसे माल पोचवीत होती, ही गोष्ट बायबलमधील कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या काळाविषयी अधिक सांगते. ईजबेलचे नावही या वादात सापडलेले आहे. उगारितच्या पाट्यांत ‘झबूल’, म्हणजे राजपुत्र किंवा अधिपती, हे बआलचे बिरुद आहे, आणि तिच्या नावाचा मूळ अर्थ ‘अधिपती कोठे आहे?’ असा, ऋतुचक्रात लोपलेल्या बआलला घातलेल्या सादेचा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. हिब्रू लेखकांनी त्यातील स्वर बदलून ‘झेवेल’, म्हणजे शेण किंवा उकिरडा, या अर्थाची छटा त्याला आणली असावी, असेही ते सांगतात.

अशा प्रसंगी राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एलीयाहू अकस्मात उभा राहतो. गिलाद प्रदेशातील तिश्बी एवढीच त्याची ओळख दिली आहे. बायबलमध्ये माणसाची ओळख बापाच्या नावाने होते, परंतु एवढ्या मोठ्या संदेष्ट्याच्या बापाचे नाव कोठेही येत नाही. नाव आणि कार्य यांचा मेळ इतका पूर्ण आहे की हे त्याचे जन्मनाव नसून त्याने पत्करलेले किंवा लोकांनी त्याला दिलेले नाव असावे, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. ती मान्य करण्याचे कारण नाही, कारण ‘एलीया’ नावाची साधी माणसेही बायबलमध्ये आहेत. कथाकाराने बापाचे नाव गाळून त्या नावालाच वंशावळीची जागा दिली, एवढे मात्र खरे.

त्याची पहिलीच घोषणा अवर्षणाची आहे. तो सांगेल तेव्हाच पाऊस किंवा दव पडेल, एरवी नाही. बआल हा पावसाचा देव असल्याने हा घाव नेमका त्याच्या अधिकारक्षेत्रावर होता, आणि पावसावर जगणाऱ्या प्रदेशातील वाचकाला त्याची धार वेगळी सांगावी लागत नाही. दुष्काळ चालू असतानाच कर्मेल पर्वतावर बआलचे ४५० संदेष्टे एकीकडे आणि एलीयाहू एकटा दुसरीकडे, अशी परीक्षा होते. दिवसभर हाका मारूनही बआलकडून उत्तर येत नाही, आणि एलीयाहूच्या प्रार्थनेनंतर वेदीवर अग्नी उतरतो. त्या क्षणी जमलेले लोक जमिनीवर पालथे पडून याहू हाच देव आहे असा दोनदा घोष करतात. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानाला येथे जे जाणवते ते भाषांतरात हरवते. लोकांच्या घोषातले शब्द म्हणजे त्या संदेष्ट्याच्याच नावाचे घटक आहेत. एका माणसाच्या नावात जे विधान एकवचनी होते, ‘माझा देव’, ते कर्मेलवर समुदायाचे विधान झाले. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाची शेवटची प्रार्थना आजही हाच घोष सात वेळा करून संपते.

एलीयाहू मरण पावल्याचे बायबल सांगत नाही. अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे आले आणि तो वावटळीतून स्वर्गात गेला, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. जो मेला नाही तो परत येऊ शकतो, या विचारातून मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी त्याच्या आगमनाचे वचन आले, आणि ज्यू परंपरेत तो मसीहाच्या आधी येणारा दूत ठरला. सुंतेच्या विधीत त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाते आणि वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवला जातो. नावाच्या बाबतीतही या प्रतीक्षेने एक विलक्षण कल्पना जन्माला घातली. हिब्रू बायबलमध्ये या संदेष्ट्याचे नाव बहुतेक ठिकाणी ‘एलीयाहू’ असे पूर्ण लिहिलेले आहे, पण पाच ठिकाणी शेवटचे ‘वाव’ हे अक्षर नसल्याने ते ‘एलीया’ असे होते. उलट ‘याकोब’ हे नाव पाच ठिकाणी नेहमीपेक्षा एक ‘वाव’ जास्त घेऊन येते. अकराव्या शतकातील थोर भाष्यकार राशी याने या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. एलीयाहू येऊन याकोबाच्या वंशजांच्या मुक्तीची वार्ता देईपर्यंत याकोबाने त्याच्या नावातले एक अक्षर तारण म्हणून ठेवून घेतले आहे, असे ते भाष्य म्हणते. लेखनातील एका विसंगतीचे इतके हृद्य स्पष्टीकरण क्वचितच आढळेल. नावातले अक्षर गहाण पडू शकते, इतकी त्या नावाची किंमत मानली गेली होती.

ग्रीक भाषेत गेल्यावर हे नाव ‘एलियास’ झाले, अरबीत ‘इल्यास’ झाले. कुराणात इल्यास आपल्या लोकांना बआलची आराधना करण्याबद्दल जाब विचारतो, म्हणजे नावाचे रूप बदलले तरी त्यामागचा वाद तेथेही जागा आहे. शुभवर्तमानांत क्रूसावरील येशूने मारलेली ‘एली’ ही हाक, म्हणजे ‘माझ्या देवा’, जवळ उभ्या असलेल्यांपैकी काहींना एलीयाला मारलेली हाक वाटली. हा गैरसमज केवळ त्या दोन शब्दांच्या घडणीमुळे शक्य झाला, कारण नावाचा पूर्वार्ध म्हणजे ती हाकच आहे. मराठी बायबलमध्ये या संदेष्ट्याला ‘एलीया’ म्हटले आहे, आणि मराठी ख्रिस्ती वाचकाला तेच रूप परिचित आहे.

पूर्ण रूप मराठीत टिकले ते कोकणच्या बेने इस्राएल या ज्यू समाजात, आणि तेथे ते ‘एलीयाहू हन्नाबी’ असे आहे. ‘ह’ हे हिब्रूतील निश्चयदर्शक उपपद, ‘नाबी’ म्हणजे संदेष्टा. ‘नबी’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांमुळे कोकणी कानाला आधीच ओळखीचा होता. गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत लागल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे या समाजाची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे झाली, आणि हिब्रू नावांनीही मराठी वळण घेतले. मुंबईत १७९६ साली ‘शाआर हारहमीम’, म्हणजे करुणेचे द्वार, हे बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अंमलदार शमुवेल यहेज्केल दिवेकर लोकांत ‘सामाजी हसाजी’ म्हणून ओळखला जाई. शमुवेल आणि यहेज्केल या दोन्ही नावांच्या शेवटी देववाचक ‘एल’ आहे. मराठी रूपात नेमका तोच गळाला आणि त्याच्या जागी आदराचा ‘जी’ आला. नावाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जागा असता तर हा बदल इतक्या सहज झाला नसता. हिब्रू या समाजाच्या रोजच्या वापरातून गेली होती, काही प्रार्थनावचने आणि नावे उरली होती.

त्या उरलेल्या नावांत एलीयाहूचे स्थान सर्वांहून वरचे होते. विवाह, गृहप्रवेश, आजारातून उठणे, दूरचा प्रवास अशा प्रसंगी त्याच्या नावाने नवस बोलला जाई आणि ‘मलिदा’ करून तो फेडला जाई. ‘मलिदा’ हा फारसी मुळाचा, कुस्करलेले या अर्थाचा शब्द. बेने इस्राएलांच्या घरी तो भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुकामेवा यांचा करतात, भोवती फळे मांडतात आणि एलीयाहूचे हिब्रू गीत म्हणून आशीर्वाद उच्चारल्यावर वाटतात. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. स्वर्गात जाताना तो येथे टेकून गेला, अशी श्रद्धा आहे. अग्निरथात बसून जाणाऱ्या एलीयाहूचे चित्र या समाजाच्या घराघरांत लावलेले असे. हैम शमुवेल किहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात सणांची जी मराठी नावे नोंदवली आहेत, त्यांत ‘एलीयाहू हन्नाबीचा उरूस’ हेही आहे. पिरांच्या उरुसांचा शब्द, फारसी नावाचा प्रसाद, कोकणातले पोहे-खोबरे आणि हिब्रू नाव यांची ही सांगड कोणाला भेसळ वाटू शकेल. तसे समजणे चूक ठरेल, कारण परक्या उपासनेत मिसळून न जाता शेजाऱ्यांची भाषा वापरून आपला नाबी जपण्याचा तो मार्ग होता.

हा उरूस शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, आणि त्या तिथीचे हिब्रू नाव प्रस्तुत विषयाशी थेट जोडलेले आहे. हिब्रूत अक्षरे हीच अंकचिन्हे असतात. पंधरा लिहिताना नियमाने दहाचे ‘योद’ आणि पाचचे ‘हे’ घ्यायला हवे, पण ती दोन अक्षरे मिळून ‘याह’, म्हणजे देवाचे नाव, होते. म्हणून ती टाळून नऊचे ‘टेत’ आणि सहाचे ‘वाव’ लिहितात, आणि त्यांच्या उच्चारावरून ही तिथी ‘तू बिशेवाट’ म्हणून ओळखली जाते. ज्या तिथीच्या आकड्यातसुद्धा ते नाव येऊ दिले जात नाही, त्याच तिथीला कोकणात ‘एलीयाहू’ या हाकेतून ते मोठ्याने गायले जात होते.

त्या हाकेचा व्याकरणशुद्ध अर्थ समाजाला पुन्हा उमगू लागला तो एकोणिसाव्या शतकात. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थनांची घडी बसवली, मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे छापली, आणि पुढे समाजातूनच जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यासारखे विद्वान निर्माण झाले, ज्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मराठीच्या आधाराने हिब्रू शिकलेल्या या पिढीला ‘एल’, ‘ई’ आणि ‘याहू’ वेगळे करून दाखवता येऊ लागले. अर्थ विसरूनही नाव जपणाऱ्या आधीच्या पिढ्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ते नाव त्यांनी टिकवले नसते तर अर्थ लावायला काही उरलेच नसते.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलात स्थायिक झाले, आणि मलिदाही त्यांच्यासोबत दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत पोचला. हैफा शहरात कर्मेल पर्वताच्या पायथ्याशी एलीयाहूची म्हणून दाखवली जाणारी एक गुहा आहे, आणि कोकणातून गेलेली ही मराठी कुटुंबे आता तेथे दर्शनाला जातात.